पाटीवर मावते तेवढे

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने कात्रजचा बोगदा ओलांडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाचायला भरपूर मिळते. मिसळ, पिठलं-भाकरी, एनए प्लॉट, बंगलो प्लॉट, डोंगराच्या कुशीत फार्महाऊस, मोजकेच गुंठे शिल्लक. खेड शिवापूर आणि नसरापूर यांच्या मधल्या पट्ट्यात भोर तालुक्यातले शिवरे येते. पाट्यांवरून अंदाज बांधला तर इथे सगळ्यात जास्त पिकते ती जमीनच. महामार्ग आधीपासून होता. मग रस्ते विकास महामंडळाचा पुण्याभोवतीचा रिंगरोड आला, मोजणीचे खांब आले, आणि ज्या सातबाऱ्याकडे वीस वर्षे कुणी ढुंकून पाहिले नव्हते त्याची प्रत काढायला पुण्यात नोकरीला असलेले चुलत भाऊ गावी येऊ लागले.

इतके व्यवहार म्हणजे तितकीच कागदपत्रे, आणि कागदपत्रे म्हणजे वकील. पण या रस्त्याने जाताना वकिलाची पाटी शोधून पाहा. हॉटेलची पाटी दोन फर्लांगांवरून दिसते, एजंटाची त्याहून आधी. वकिलाची पाटी असलीच तर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी, दरवाज्याच्या वर, हातभर लांब. नाव, शिक्षण, 'वकील' एवढा शब्द, फोन नंबर.

हे साधेपण म्हणजे काही वकीलमंडळींचा विनय नव्हे. तो कायदा आहे. १९६१च्या अॅडव्होकेट्स अॅक्टखाली भारतीय विधिज्ञ परिषदेने वर्तणुकीचे जे नियम केले, त्यांतला ३६ क्रमांकाचा नियम सांगतो की वकिलाने काम मागू नये आणि जाहिरात करू नये, प्रत्यक्ष नाही आणि आडूनही नाही. पत्रके नकोत, दलाल नकोत, ओळखदेख नसताना घरी जाऊन भेटणे नको, आपण चालवत असलेल्या खटल्याबद्दल वर्तमानपत्रात बातमी पेरणे नको, त्यासोबत फोटो छापून आणणे नको. पाटी बेताच्या आकाराची हवी. त्या पाटीवर आणि लेटरहेडवर आपण बारचे अध्यक्ष आहोत किंवा होतो, न्यायाधीश होतो, अमक्या संस्थेशी संबंधित आहोत, अमक्या प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत, यांतले काहीही लिहायचे नाही.

मग जो धंदा नाही त्याचा 'धंदा वाढवायचा' कसा? मार्केटिंग, ग्रोथ, ब्रँड हे शब्द आता वकिलांच्या कार्यशाळांतही ऐकू येतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या फर्मना त्यासाठी माणसे ठेवता येतात. मला मात्र हा प्रश्न शिवऱ्यासारख्या गावातून पाहायला आवडतो, कारण तिथे तो उघडावाघडा दिसतो.

समजा, याच गावातल्या एका शेतकऱ्याची मुलगी वकील झाली. पुण्यात शिकली, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद मिळाली, शिवाजीनगरच्या कोर्टात एका ज्येष्ठांच्या हाताखाली चार वर्षे तारखा घेतल्या, आणि आता तिने सर्व्हिस रोडला एक गाळा भाड्याने घेतला. घरात आधी कुणी वकील नाही. गाळ्याचे भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचे आहे. पहिल्याच आठवड्यात वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ चहाला येतात. जमिनीच्या व्यवहारात त्यांचे नाव आहे.

"ताई, महिन्याला आठ-दहा सर्च देतो तुम्हाला. गिऱ्हाईक माझं, कागद तुमचे. बाकी तुम्ही समजून घ्या."

"काय समजून घ्यायचं, अण्णा?"

"आता हे पण सांगायचं का? फीमधले तीस टक्के."

"आणि सर्चमध्ये काही निघालं तर?"

"काय निघतंय? सगळी आपलीच माणसं."

हा संवाद माझ्या कल्पनेतला आहे, पण ज्याने कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी वकिली केली आहे त्याला तो पाठ असेल. वाचणाऱ्याची नजर साहजिकच तीस टक्क्यांवर जाते. माझ्या मते खरी ग्यानबाची मेख शेवटच्या वाक्यात आहे. एजंट वाटा मागतो तो दिसतो. त्याच्यासोबत तो अहवालाचा निष्कर्षही आधीच ठरवून घेतो, ते दिसत नाही. महिन्याला दहा कामे देणाऱ्या माणसाला 'या जमिनीत घोळ आहे' असे लिहून देणे किती जणांना जमेल? एकदा लिहाल, दोनदा लिहाल. तिसऱ्या वेळी सर्च दुसऱ्या वकिलाकडे गेलेला असेल.

सर्च म्हणजे काय ते जरा जवळून पाहू, कारण गावच्या वकिलाची सगळी पत याच कागदावर उभी असते. सर्वसाधारणपणे जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध घेतात. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोन पाहायची, कुठला दस्त कधी नोंदला ते टिपायचे. तलाठ्याकडचे जुने सातबारे काढायचे आणि प्रत्येक फेरफार उलटा चालत मागे जायचा. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का, कुळकायद्याच्या कलम ४३ची अट आहे का, भोगवटादार वर्ग दोन आहे का, वतनाची जमीन आहे का. गुंठ्या-गुंठ्याने विकलेली असेल तर १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो का. आणि सर्वांत शेवटी, म्हणजे खरे तर सर्वांत आधी पाहायला हवे ते, वारसनोंदीतल्या बहिणी.

बहिणींचे प्रकरण या पट्ट्यात फार जागी घडते. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली केंद्राने कायदा बदलला आणि लग्न झालेली-न झालेली हा भेद गेला. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायदा बदलला त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही. म्हणजे सातबाऱ्यावर नाव असलेली किंवा नसलेलीही एखादी आत्या, जी वेल्ह्याकडे (आता राजगड तालुका म्हणायचे) नांदते आहे आणि जिला पस्तीस वर्षांत या जमिनीबद्दल कुणी विचारले नाही, तिची सही नसलेले खरेदीखत हा पुढच्या वीस वर्षांचा दावा असतो. 'आपलीच माणसं' म्हणतात ती हीच.

असा सर्च डोळे झाकून दिला तर काय होते? आज फी मिळते. तीन वर्षांनी आत्याचा मुलगा दावा लावतो. खरेदीदार पुण्याचा असतो, त्याने बँकेचे कर्ज काढलेले असते, तो सर्च रिपोर्ट काढून खालची सही वाचतो. मग ती सही गावभर होते. वकिलाला जाहिरातीची बंदी आहे, बदनामीला नाही.

आता कायदा दलालांकडे कसा पाहतो ते बघा. कोर्टाच्या आवारात कामे मिळवून देणाऱ्या माणसाला इंग्रजीत टाउट म्हणतात. आपला जुना शब्द कज्जेदलाल. १८७९च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अॅक्टमध्ये त्यांची यादी करून कोर्टाबाहेर ठेवण्याची सोय होती. २०२३च्या दुरुस्ती कायद्याने तो रद्द केला आणि तीच तरतूद कलम ४५ए म्हणून अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये आली. ३० सप्टेंबर २०२४ पासून ती लागू आहे. यादीत नाव असताना कज्जेदलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशे रुपये! त्याच वर्षी ऑक्टोबरात महाराष्ट्राने शंभर-दोनशेच्या मुद्रांकांच्या जागी पाचशेचा मुद्रांक आणला. म्हणजे कज्जेदलाली आणि साधा करारनामा एका भावात.

वकिलाला मात्र धाक मोठा आहे. शिस्तपालन समितीपुढे गैरवर्तन सिद्ध झाले तर समज, काही काळ सनद निलंबित, किंवा पटावरून नाव कायमचे कमी. हा धाक कसा घडत गेला त्याच्या कथा मजेशीर आहेत, आणि योगायोग असा की त्यांतल्या महत्त्वाच्या कथा आपल्याकडच्याच.

पहिली एका पोस्टकार्डाची. १९२९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका प्लीडरचे प्रकरण आले. त्याने लोकांना कार्डे पाठवली होती. त्यांवर नाव, पत्ता आणि आपण कोण एवढेच. ना फीचा उल्लेख, ना यशाच्या गप्पा. तरीही न्यायालयाने ती जाहिरात ठरवली आणि वागणे अयोग्य म्हटले. आज आपण व्हॉट्सअॅपवर कुणालाही स्वतःचे व्हिजिटिंग कार्ड ढकलतो. ते त्या काळी गैरवर्तन होते, आणि नियमाच्या अक्षराप्रमाणे आजही फार वेगळे नाही.

दुसरीही पोस्टकार्डाचीच. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात काम करणाऱ्या एका वकिलाला वाटले, नव्या राज्याला दिल्लीत वकील लागेलच. त्याने १९६१च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारच्या विधी खात्याकडे कार्ड धाडून आपले नाव सुचवले. सरकारने ते कार्ड न्यायालयाकडे पोचते केले. निकालपत्रात त्या वकिलाचे नाव नाही, नुसते 'ए' हे अक्षर आहे. शिक्षा पाच वर्षे निलंबन. एका पोस्टकार्डाला पाच वर्षे. ही शिक्षा मला आजही जड वाटते. पण त्यावरून त्या पिढीच्या न्यायाधीशांना काम मागण्याची किती शिसारी होती ते कळते.

तिसरी मुंबईची आणि सगळ्यात दणदणीत. साठच्या दशकात तिथल्या फौजदारी न्यायालयांच्या दारात काही वकील उभे राहत. पक्षकार येताना दिसला की धावत सुटायचे, हातातले कागद ओढायचे, फी पाडून सांगायची, आपापसांत धक्काबुक्की. क्रॉफर्ड मार्केटच्या बाहेर गिऱ्हाईक ओढावे तसे. उच्च न्यायालयाने तक्रार केली, राज्याच्या बार कौन्सिलने या वकिलांना दोषी धरून तीन वर्षांसाठी निलंबित केले. अपिलात मात्र भारतीय विधिज्ञ परिषदेच्या समितीने त्यांना सोडले. कारण ऐकण्यासारखे आहे: नियमभंग व्हायला काम मागितलेले हवे, ते विशिष्ट माणसाकडे हवे आणि विशिष्ट प्रकरणाबद्दल हवे, तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय गुन्हा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७५च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही शब्दांची कसरत उडवून लावली. वकिली हा व्यापार नव्हे आणि लोकांचे खटले म्हणजे माल नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. दाभोळकर खटला या नावाने तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो.

आणि चौथी कथा टक्केवारीची. मुंबईच्या एका वकिलाने डिसेंबर १९५२मध्ये पक्षकाराशी लेखी करार केला की वसुली होईल तिच्यातले निम्मे वकिलाचे. मुंबई उच्च न्यायालयाने सहा महिने निलंबित केले. तो सर्वोच्च न्यायालयाचाही वकील असल्याने प्रकरण १९५४ साली तिथेही गाजले. निकालात नाव तेवढे श्री. 'जी'. आजचा २० क्रमांकाचा नियम हेच सांगतो: निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही.

शिवऱ्याच्या पट्ट्यात हा नियम रोज कसाला लागतो. रस्त्यासाठी जमीन गेली, मोबदल्याची नोटीस आली, आकडा मनासारखा नाही. लगेच कुणीतरी दारात हजर. आत्ता एक रुपया देऊ नका, वाढीव मोबदला मिळवून देतो, त्यात आमचे एवढे टक्के. शेतकऱ्याला हा सौदा वाईट का वाटावा? खिशातून काही जात नाही. अमेरिकेत तर हे सर्रास चालते आणि गरिबाला कोर्ट गाठून देणारी व्यवस्था म्हणून त्याची बाजू मांडणारेही आहेत. मला त्या युक्तिवादात तथ्य वाटते. पण आपल्याकडे टक्केवारी घेणारा वकील आणि तडजोडीला नको म्हणणारा वकील बऱ्याचदा एकच असतो, आणि जिचे टक्के ठरलेत ती जमीन त्या शेतकऱ्याची एकुलती एक असते. शिवाय तिकडे ही फी कागदावर असते. इकडे ती कोऱ्या चेकवर आणि कुलमुखत्यारपत्रावर असते.

दलाली नाकारणे किती अवघड असते याची कबुली गांधींनी दिली आहे. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांना पहिले काम मिळाले, ममीबाईंचे. दलालाला कमिशन द्या असे सांगण्यात आले, त्यांनी दिले नाही. फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटला नाही. पैसे परत करून काम दुसऱ्या वकिलाकडे दिले. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात. मुंबईत जम बसला नाही म्हणून ते राजकोटला गेले, तिथे अर्ज लिहून बऱ्यापैकी मिळकत होऊ लागली, आणि तिथे काम पाठवणाऱ्या वकिलांना त्यांनी कमिशन दिले. मोठ्या भावाचा आग्रह होता, भावाच्या भागीदाराचा प्रश्न होता, सगळे देतात हा मुद्दा होता. आपण स्वतःची समजूत घातली, असे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. गाळ्याचे भाडे थकले की भलेभले समजूत घालून घेतात.

तेव्हा आपल्या वकीलताईला केवळ 'तत्त्वाने राहा' असे सांगून भागत नाही. तिला नियमाच्या आत राहून कामे मिळायला हवीत. आणि इथे नियमावर एक आरोप केलाच पाहिजे. ज्याच्या आजोबांची पाटी तालुक्याच्या कोर्टासमोर पन्नास वर्षे आहे त्याला जाहिरातीची गरजच काय? मुंबईत क्रॉफर्ड बेली १८३० पासून आणि लिटल अँड कंपनी १८५६ पासून आहे. तिथे नाव हीच जाहिरात. ही बंदी इंग्लंडच्या बारकडून आली, जिथे वकिली हा सधन घरातल्या सभ्य गृहस्थांचा उद्योग होता. पहिल्या पिढीच्या वकिलाला, त्यातही बाईला, ही बंदी जास्त टोचते. पुरुष वकील पारावर बसतो, लग्नात मिरवतो, कुस्तीच्या फडात पाहुणा म्हणून जातो. त्याला कुणी काम मागितले म्हणत नाही.

आणि बंदी पाळली जाते तरी कुठे? नसरापूरच्या चौकात नाही तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही चौकात बघा. 'अॅड. अमुक यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', काळा कोट, पांढरे बँड, हात जोडलेले, खाली पन्नास फोटोंचा मित्रपरिवार. 'बारच्या उपाध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल अभिनंदन'. दिवाळीत कॅलेंडर, गणपतीत कमान. नियमात 'आडूनही नाही' असे लिहिले आहे. पण फ्लेक्स मित्रांनी लावला, वकिलाला त्याचा पत्ताच नाही, असे सांगायची सोय राहते. माझ्या मते नियम ३६चा सर्वांत मोठा शत्रू इंटरनेट नसून मित्रपरिवार आहे.

इंटरनेटचे म्हणाल तर २००८ साली सर्वोच्च न्यायालयातल्या एका याचिकेनंतर परिषदेने थोडी ढील दिली. वेबसाइट करा, पण तिच्यावर पाचच प्रकारची माहिती: नाव-पत्ता-फोन-ईमेल, सनदेचा तपशील, कुठल्या बार असोसिएशनचे सभासद, शिक्षण, आणि कामाची क्षेत्रे. खाली माहिती खरी असल्याचे जाहीर करायचे. गंमत बघा, वेबसाइटवर 'जमीन-महसूल' हे क्षेत्र लिहिता येते, पण दारावरच्या पाटीवर आपण त्यातले तज्ज्ञ आहोत असे लिहिता येत नाही. शिवऱ्यातला म्हातारा वेबसाइट बघणार नाही, पाटी बघेल.

३ जुलै २०२४ला मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची जंत्री करून त्यांना तारे देणाऱ्या, कामे पुरवणाऱ्या संकेतस्थळांवर कोरडे ओढले. क्विकर, सुलेखा, जस्टडायल यांचा त्यात समावेश होता. पाठोपाठ परिषदेने राज्यांच्या कौन्सिलना कारवाई करायला सांगितले. मार्च २०२५मध्ये आणखी एक पत्रक निघाले, ते नट-नट्या आणि रील्सच्या आधाराने होणाऱ्या प्रचाराविरुद्ध. अमेरिकेने उलटी वाट धरली होती. फिनिक्स शहरातल्या दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात बिनतक्रार घटस्फोटासारख्या साध्या कामांचे दर छापले, आणि १९७७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरवले. खरी माहिती लोकांना मिळू नये असे का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. त्यानंतर तिथले महामार्ग अपघात-वकिलांच्या फोटोंनी भरून गेले. आपल्याकडे दर छापायला परवानगी आणि फोटो छापायला बंदी असा मध्यममार्ग निघाला तर मी त्याच्या बाजूने मत देईन.

तोवर वाढ कशातून होते? गावात तिचा उगम ओळखता येतो. एका जमिनीच्या व्यवहारात चार भाऊ, दोन बहिणी, एक खरेदीदार, बांधाचा शेजारी, बँकेचा अधिकारी आणि दस्त लिहिणारा असे दहा जण एकच कागद हाताळतात. तो कागद स्वच्छ मराठीत असेल, गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा बिनचूक असतील, फी किती ठरली, किती घेतली, मुद्रांकाचे किती आणि नोंदणीचे किती हे वेगळे लिहून पावती दिलेली असेल, तर दहा घरांत तो पोचतो. या पावतीचे महत्त्व मी फार मानतो. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यावर त्याची प्रत देणे हे नियमांत आहेच, पण किती जणांनी कधी पावती पाहिली आहे? 'वकिलाने किती घेतले' हा प्रश्न गावात कायम धुक्यात असतो. धुके हटवणारा वकील आपोआप उठून दिसतो, आणि यात नियम ३६चा कुठलाही शब्द मोडत नाही.

भाव पाडून मात्र वाढता येत नाही. पक्षकार देऊ शकत असेल तर ठरलेल्या कोर्ट-दरापेक्षा कमी फी घेऊ नये असाही नियम आहे. ज्याला खरेच देता येत नाही त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाची तालुका समिती असते. १९८७चा कायदा १९९५मध्ये लागू झाला, आणि महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. या समितीच्या पॅनेलवर काम करणे, ग्रामपंचायतीत कायदेविषयक शिबिरात बोलणे, स्थानिक साप्ताहिकात वारसनोंदीवर लिहिणे, हे सगळे नियमात बसते, जोवर आपल्याच चालू खटल्याबद्दल बोलत नाही आणि शेवटी फोन नंबर सांगत नाही. शिबिरात पुरेसे खरे बोललात तर नंबर लोक शोधून काढतात.

जमिनीची दलाली स्वतः करणे हाही एक मोह. 'सर्चही तुमचा, गिऱ्हाईकही तुम्हीच आणा, दोन टक्के घ्या.' वकिलाने स्वतः धंदा करू नये या नियमाने तो रस्ता बंद आहे. आणि गावात नाती इतकी गुंतलेली असतात की नकारांची संख्या आपोआप वाढते. ज्या वाटणीत आपण एका भावाला सल्ला दिला, तिच्यात दुसऱ्या भावाचे वकीलपत्र घेता येत नाही. चुलत्याचे काम असेल तर नाते आधी सांगावे लागते. पहिल्या दोन वर्षांत या मुलीने जितकी कामे घेतली असतील, तितकीच बहुधा परत पाठवली असतील. नाकारलेल्या माणसाला कारण सांगून पाठवले, तर तो सहा महिन्यांनी दुसरे काम घेऊन येतो. हे नियमात कुठे लिहिलेले नाही.

पक्षकाराच्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १४ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाचे दार बंद. बार कौन्सिलकडे तक्रार किंवा दिवाणी दावा. शिवऱ्याच्या शेतकऱ्याला तक्रारीसाठी मुंबई गाठायची आहे. म्हणूनच त्याला वकील निवडताना जे कळते ते मोलाचे, आणि तेच त्याला कुणी छापून देत नाही.

एकच जागा अशी आहे जिथे वकिलाचे नाव, पत्ता आणि फोन वर्तमानपत्रात उजळ माथ्याने छापून येतो: जाहीर नोटीस. पुण्याच्या दैनिकांत आतल्या पानावर, बारीक टायपात. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात. मौजे अमुक, तालुका भोर, गट क्रमांक, हेक्टर-आर, चारी दिशा. मालकांनी मिळकत निर्वेध व बोजाविरहित असल्याचा भरवसा आमच्या अशिलांना दिला आहे. कुणाचा गहाण, दान, पोटगी, वारसा किंवा अन्य हक्क असल्यास १४ दिवसांच्या आत मूळ कागदांनिशी आमच्या कार्यालयात कळवावे. न कळवल्यास हक्क सोडून दिला असे समजून व्यवहार पुरा केला जाईल. हे शेवटचे वाक्य सगळे छापतात. नोटिशीला उत्तर दिले नाही म्हणून वारसाचा हिस्सा बुडतो, असे कायद्यात नाही. नोटीस खरेदीदाराच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असते, बहिणीच्या हक्काला दिलेली मूठमाती नव्हे.

गावागावांत ही नोटीस वाचणारा एक तरी माणूस असतो. निवृत्त शिक्षक म्हणा, पोस्टमन म्हणा. शाळेच्या कट्ट्यावर पेपर उलगडला की आधी निधनवार्ता, मग या नोटिसा. कुणाचा गट, कुठला वकील. तोच मग फोन करतो.

समजा, आपल्या वकीलताईने एका खरेदीदारासाठी अशी नोटीस दिली. सर्चमध्ये दोन बहिणींची नावे १९८८च्या फेरफारात आहेत आणि पुढच्या सातबाऱ्यात नाहीत, हे तिने अशिलाला आधीच लिहून दिले आहे. एजंट अण्णा त्यावरून दोन दिवस बोलत नाहीत. अकराव्या दिवशी दुपारी गाळ्यासमोर एसटीतून उतरलेल्या दोघी उभ्या राहतात, एक सत्तरीची, सोबत तिची सून. म्हातारीच्या हातात पेपरचे कात्रण, चार घड्यांचे.

"हे तुम्हीच लिवलंय का, बाई?"

"हो, मावशी. बसा."

"मग माझं पण तुम्हीच बघा की. लेकीसारख्या हाय तुम्ही."

ती सांगते, मला तुमचे वकीलपत्र घेता येणार नाही, मी समोरच्यांची वकील आहे; तुमचे म्हणणे मलाच आणखी काही सांगू नका, भोरला कोर्टात विधी सेवा समितीचे कार्यालय आहे, बाईमाणसाला फुकट वकील देतात, आजच जा, तीन दिवस उरलेत. सून चिठ्ठीवर पत्ता लिहून घेते. म्हातारीला काही पटलेले दिसत नाही. एवढ्या लांब येऊन काम झाले नाही असाच तिचा चेहरा. तरी ती पिशवीतून एक कागद काढते. नातवाने वहीच्या पानावर लिहून दिलेली हरकत, खाली अंगठा.

वकीलताई तो वाचते, तारीख घालते, झेरॉक्स काढून आणायला मुलाला पाठवते, आणि प्रतीवर 'मिळाली' असे लिहून सही करून म्हातारीच्या हातात परत देते.